जखमेचा कागद

फौजीकाकांची काळी पत्र्याची पेटी उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, मग कागद दिसतात. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर शाबूत आहे, पुढचं नाव मात्र उडून गेलंय. तुमसरात आमच्या वार्डात त्यांना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही.

पेटीत सगळ्यात वर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तीन पदकं आहेत. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा, १९७२ साली, मिळालेलं एक. त्याखाली डिस्चार्ज बुक. काकांचे अर्ज मी लिहून देतो, म्हणून हे बुक आता मला जवळजवळ पाठ झालंय. भरतीच्या दिवशीची उंची त्यात आहे, न फुगवता आणि फुगवून मोजलेली छाती आहे, आणि ओळखीच्या खुणांच्या रकान्यात 'डाव्या तर्जनीवर जुना व्रण' आहे. हा व्रण बाराव्या वर्षी धान कापताना विळा लागून झालेला. उजव्या पोटरीत डिसेंबर १९७१ पासून तोफगोळ्याचा एक तुकडा आहे. त्याची नोंद कुठेच नाही.

विळ्याची जखम सरकारदरबारी आहे, गोळ्याची नाही. काकांची तक्रार म्हणाल तर एवढीच. त्यांना पराक्रम पदक हवं आहे.

या नावानं जरा गोंधळ होतो. हे शौर्यपदक नव्हे. त्याचं इंग्रजी नाव सरळ आहे, वूंड मेडल, म्हणजे जखमेचं पदक. शत्रूच्या थेट कारवाईत जो जखमी झाला त्याला ते मिळतं, मग ती कारवाई युद्धातली असो की बंडखोरांविरुद्धची. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. बँडेजवर रक्त उमटावं तशी ती दिसते. ज्यानं कोणी आखली असेल त्याला फार विचार करावा लागला नसेल. हिंदी नाव ठेवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण मला इंग्रजी नाव जास्त प्रामाणिक वाटतं. जखम व्हायला पराक्रम लागत नाही, तिथं हजर असावं लागतं. काकाही तेच म्हणतात. "मी कायचा पराक्रम केलो बाबू? खंदकात बसलो होतो, लागलं."

हे पदक सुरू झालं १९७३ साली. काकांना लागलं १९७१ मध्ये. पण घोटाळा नुसत्या या दोन वर्षांचा नाही. ज्या व्यवस्थेच्या दारात हा अर्ज उभा आहे, तिची वाटचाल शंभराहून जास्त वर्षांची आहे, आणि ती पहिल्यापासूनच थोडी तिरकी आहे.

तुमसरहून मोहाडी, वरठी करत एसटी भंडाऱ्याला जाते. तिथं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकाचं ओळखपत्र, विधवेचं पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, सगळं तिथूनच सुरू होतं. त्याच्या वर पुण्याचं सैनिक कल्याण विभागाचं संचालनालय आणि त्याच्याही वर दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड. या बोर्डाचं मूळ शोधत मागं गेलं की आपण १९१७ सालात पोचतो. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं आणि इंग्रजांना माणसं कमी पडत होती. त्यासाठी 'सेंट्रल रिक्रूटिंग बोर्ड' निघालं. काम एकच, भरती. या देशातून तेरा लाखांच्या आसपास माणसं त्या युद्धात गेली आणि त्यातली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. जी परतली त्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९१९ मध्ये त्या मंडळाची जागा 'इंडियन सोल्जर्स बोर्डा'नं घेतली. माणसं न्यायला जे मंडळ काढलं, त्याच्याच जागी परत आलेल्यांकडे बघायचं मंडळ बसलं.

हा जन्मदाखला मला महत्त्वाचा वाटतो. भरतीच्या दिवशी काकांच्या बोटावरचा विळ्याचा व्रणसुद्धा सुटला नाही, कारण माणूस नेताना त्याचं शरीर मोजून घ्यायचं ही या यंत्रणेची पहिली सवय. परत देताना मोजायची सवय तिला नंतर लागली, आणि तीही अर्धीमुर्धी.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. जखमेचा मान उशिरा आला असेल, पण जखमी माणसाची सोय त्याच्या कितीतरी आधी झाली, आणि ती महाराष्ट्रात झाली. पहिल्या महायुद्धात जखमींची जहाजं मुंबईला लागत. आपण शाळेच्या सहलीत जे वस्तुसंग्रहालय बघतो, तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, त्याची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली होती. पण आत मूर्ती मांडण्याआधी खाटा मांडल्या गेल्या. तिथं लष्करी इस्पितळ चाललं आणि संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली १९२२ साली. त्याच मुंबईत १९१७ मध्ये गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी हातपाय गमावलेल्या हिंदी शिपायांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढलं. ज्याला आता नांगर धरता येणार नाही त्याच्या हाती दुसरा काही धंदा द्यावा, हा विचार. पुढं ही संस्था खडकीला आली आणि आजही तिथं आहे.

दुसऱ्या महायुद्धात आमच्या बाजूची पोरं मोठ्या संख्येनं गेली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली, तिची पहिली पलटण बेळगावात आणि दुसरी कामठीत. कामठी आमच्याच रेल्वेमार्गावर. तुमसर रोड म्हणजे देव्हाडीचं स्टेशन, तिथून गाडी धरायची, नागपूरच्या अलीकडे उतरायचं की छावणी. आज तिथं गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. त्याच युद्धात, १९ मे १९४४ रोजी, पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. लाकडी पाय, चामड्याचे पट्टे, पुढं नवनव्या वस्तूंचे हातपाय. आणि नंतर नुसत्या सैनिकांचेच नव्हे, तर यंत्रात किंवा अपघातात हात-पाय गेलेल्या सामान्य माणसांचेही.

साल लावून बघा. जखमी शिपायाला धंदा शिकवायची सोय १९१७ ची, पाय बसवून द्यायची १९४४ ची आणि जखमेचं पदक १९७३ चं. इंग्रज फौजेत १९१६ पासून जखमी शिपायाच्या डाव्या बाहीवर सोनेरी पट्टी शिवायची पद्धत होती, पण ती पट्टीच. सदरा बदलला की गेली. माझ्या हिशेबात हा क्रम चुकीचा नाही. पाय आधी, पदक मागाहून. चूक आहे ती दुसरीकडे, आणि तिथं मला जरा थांबायचंय.

पण त्याआधी स्वातंत्र्यानंतरचा भाग भराभरा सांगतो, कारण त्यात नावंच जास्त बदलली. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सैन्याचा ध्वजदिन झाला. आमच्या शाळेत लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन रंगांचे कागदी झेंडे यायचे, टाचणीनं खिशाला लावायचे, आणि पत्र्याचा डबा वर्गावर्गातून खुळखुळत फिरायचा. त्या डब्यातले पैसे कुठं जातात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते सैनिकांच्या याच कामाला जात. १९५१ मध्ये बोर्डाच्या नावात नाविक आणि वैमानिक आले. १९७५ मध्ये ते केंद्रीय सैनिक बोर्ड झालं.

यातली १९७१ ते १९७५ ही वर्षं नीट बघण्याजोगी आहेत. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. दोन आठवड्यांचं युद्ध, पण त्यानं जखमी इतके दिले की संस्थांना हलावं लागलं. १९७३ मध्ये पराक्रम पदक आलं, १९७४ मध्ये खडकीला कण्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र, १९७५ मध्ये बोर्डाचं नवं रूप. त्याच युद्धात गोरखा पलटणीचे मेजर इयन कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हतं, शस्त्रक्रियेचं सामान नव्हतं, तेव्हा त्यांनी खुकरी घेऊन लोंबता पाय स्वतःच तोडला. पुढं युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी सर्जननं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या केंद्रातून लाकडी पाय घेऊन ते परतले, आणि पलटणीचं व नंतर ब्रिगेडचं नेतृत्व करणारे पहिले अपंग अधिकारी झाले.

ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याहीचा कागद कोन मांगन?" बरोबर आहे. मोठी जखम स्वतःचा कागद स्वतःच लिहिते. रिकामी विजार बघून कोणी दाखला मागत नाही. अडचण असते ती मधल्या जखमांची, ज्या मारत नाहीत आणि घरीही पाठवत नाहीत.

त्यांची नोंद कशी होते ते बघा. जवान पडला की आधी पलटणीचा डॉक्टर, मग मागच्या फळीतलं ड्रेसिंग स्टेशन, मग इस्पितळ. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी. पलटणीचा क्लार्क 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून वर कळवतो, रेकॉर्ड ऑफिसला संदेश जातो, तिथून घरी तार. शेवटी पार्ट टू ऑर्डर निघते आणि जखम कागदावर कायमची होते. ही साखळी सुरू होते पहिल्या चिठ्ठीपासून. पहिली चिठ्ठी फाटली की पुढचं काहीच घडलेलं नसतं.

काकांची चिठ्ठी त्यांनीच फाडायला लावली. पोटरीतून रक्त आलं, डॉक्टरनं साफ केलं, दिसला तेवढा तुकडा काढला, पट्टी बांधली. क्लार्क नाव लिहायला लागला तेव्हा बावीस वर्षांच्या या पोरानं त्याचा हात धरला. "घरी तार नोको करा सायेब, माय मरन धाकानं." त्या काळी तार म्हणजे काय हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तारवाला सायकलवरून दिसला की ज्याच्या दारापुढं तो उतरेल त्या घरात आधीच रडारड. क्लार्कला दया आली असेल किंवा घाई असेल. नाव लिहिलं गेलं नाही. चौथ्या दिवशी काका लंगडत पुन्हा खंदकात. माय पुढं तीस वर्षं जगली आणि तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तारखातंच २०१३ च्या जुलैत बंद झालं. वाचवलेल्या त्या एका तारेची किंमत काका अजून भरतायत.

१९७८ मध्ये दहा वर्षांची नोकरी संपवून ते परतले. दहा वर्षांना पेन्शन नाही. एका राईस मिलमध्ये रात्रपाळीचे चौकीदार झाले. कोंड्याची धूळ आणि थंडीतला ठणका, दोन्ही त्यांनी सोसलं. अशा जखमेचंही पदक असतं हे त्यांना फार उशिरा कळलं. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याच्या छातीवर पांढरी-लाल फीत दिसली. "हे कायचं जी?" "लागलेल्याचं." एवढाच संवाद. घरी आले आणि पेटी उघडली.

अर्ज गेला. कोणत्या कचेरीत गेला आणि कोणत्या टेबलावर किती दिवस पडला, ते सांगून उपयोग नाही. उत्तर आलं ते नियमाला धरून होतं. पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद पंचवीस वर्षं जपायचे आणि मग नष्ट करायचे, असा सैन्याचा नियमच आहे. मुदत संपली, कागद गेले, सबब पडताळणी करता येत नाही. पत्राची भाषा सभ्य होती, सही स्पष्ट होती. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "माहा कागद जाळला, का मीच जळलो?" मला उत्तर सुचलं नाही.

मला खरं टोचतं ते इथं. एका बाजूनं पदक ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं ज्या कागदावर ते मिळू शकतं तो जाळायचा. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही; दोन नियम दोन टेबलांवर बसले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. पण पेन्शनवाल्यांचे कागद जास्त काळ राहतात आणि बिनपेन्शनवाल्यांचे लवकर जातात, म्हणजे ज्याला आधीच कमी मिळालं त्याचाच पुरावा आधी संपतो. हे योग्य नाही, असं अर्जात लिहिता येत नाही म्हणून इथं लिहितो.

आता वाट उरते न्यायाधिकरणाची. सैनिकांच्या नोकरीतल्या तक्रारींसाठी २००७ चा कायदा झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं उद्घाटन झालं. त्याआधी साध्या तक्रारीसाठीही उच्च न्यायालयात जावं लागे. आपल्या भागासाठी मुंबईचं खंडपीठ. विदर्भ एक्सप्रेसनं एक रात्र, वकील, राहणं, पुढची तारीख. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसानं एका फितीसाठी हे करावं का? त्यांचा मुलगा नको म्हणतो. मला त्याचंही पटतं.

पण वकिलाकडे जाण्याआधी आणखी एक अर्ज करून पाहावा असं मी ठरवलं, त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल एक गोष्ट स्पष्ट केली. भरतीच्या वेळच्या तपासणीत जे दुखणं नोंदवलेलं नाही ते नोकरीतच आलं असं सर्वसाधारणपणे धरावं. नोकरीत आलं हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. हा निकाल पेन्शनचा आहे, पदकाचा नाही, हे मला कळतं. पण मला ते डिस्चार्ज बुक आठवलं. ज्या यंत्रणेनं तर्जनीवरचा विळ्याचा व्रण टिपला, तिनं पोटरीवर काही असतं तर सोडलं असतं का? भरतीच्या दिवशी पोटरी कोरी होती, याचा पुरावा त्याच पानावर आहे. इतकी वर्षं ज्या रकान्याचा मला राग येत होता, तोच रकाना मी अर्जाला पहिल्या क्रमांकाला जोडला.

उशिरा मिळण्याची उदाहरणं आपल्याकडे नाहीत असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात जागतिक विक्रमासह भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अर्जुन पुरस्कार मागितला तेव्हा नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट २०२४ मध्ये आला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, पदकानंतर ५२ वर्षांनी. काकांनी हा चित्रपट नातवाच्या फोनवर पाहिला. त्यांचं म्हणणं, "त्याहीनं पोहून दाखवलं. मी का दाखवू? लंगडून?"

अमेरिकेत याच्या उलट झालं. तिथं १९३२ पासून जखमींना पर्पल हार्ट देतात. १९४५ मध्ये जपानवर चाल करून जायचं ठरलं तेव्हा सुमारे पाच लाख पदकं आधीच ओतून ठेवली होती. चाल झालीच नाही, आणि तो साठा पुढं अनेक युद्धांना पुरला. तिकडे पदकं उरली. आमच्याकडे जखम उरली.

अर्जाची जुळवाजुळव चालू होती तेव्हाच दिवाळीच्या रंगरंगोटीत काका शिडीवरून घसरले. पाय मुरगळला असं वाटून एका दवाखान्यात एक्स-रे काढला. तंत्रज्ञ पोरगा बाहेर येऊन म्हणाला, "काका, पँटच्या खिशात काही राहिलंय का? किल्ली वगैरे?" काहीच राहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा काढला. हाडाच्या बाजूला तांदळाच्या दोन दाण्यांएवढा पांढराफटक ठिपका, तिथंच.

एक्स-रे तुकडा दाखवतो, तारीख दाखवत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं. तरी तो जोडायचा ठरलं. पंजाबच्या आघाडीवर त्यांच्याच सेक्शनला असलेला एक जोडीदार सापडला, त्याचं प्रतिज्ञापत्र आलं. ते दुसऱ्या क्रमांकाला. एक्स-रे तिसऱ्या.

परवा सकाळी आम्ही पोस्टात गेलो. बाहेर धानाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, आत तीन माणसांची रांग. पाकीट मोठं होतं, मी वर 'घडी घालू नये' असं लाल पेनानं लिहिलं होतं. खिडकीतल्या मुलीनं ते हातात घेऊन वाकवून पाहिलं, आतून फिल्मचा कडकड आवाज आला.

"आत काय आहे काका?"

"पाय हाये माहा," काका म्हणाले.

ती हसली, तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. वजन केलं, स्पीड पोस्टाचे पैसे घेतले, पावती फाडून दिली. काकांनी चष्मा वर करून पावतीवरची तारीख वाचली, मला वाचायला लावली, आणि मग ती डिस्चार्ज बुकात, ओळखीच्या खुणांच्या पानात घालून ठेवली.